शास्त्र वाचायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

वेंगुर्ल्याला तुमच्या पडवीत भरणाऱ्या बुधवारच्या प्रार्थनासभेने मला जे दिले, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. ते चार लोकांसमोर मानावेत असे वाटले, कारण घरात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे, वचने पाठ आहेत, आणि तरीही वाचताना पलीकडे कोणी ऐकणारा आहे असे जाणवत नाही, अशी माणसे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. तुम्ही मला दिलेले त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आई गेली त्या पावसाळ्यात मी तुमच्याकडे येऊ लागले. संडे स्कूलपासून पाठ असलेली वचने ओठांवर होती आणि भेटायला येणारी माणसेही तीच सांगत होती, पण त्यांतले एकही मला देवापाशी नेत नव्हते. तुम्ही सांत्वनाचे एखादे स्तोत्र काढून द्याल असे वाटले होते. तुम्ही शास्त्रातले, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक उघडलेत आणि कोण कोणाशी बोलतो एवढेच पाहत जा, असे सांगितलेत.

एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र देवाविषयी पानेच्या पाने बोलतात, आणि त्यांतली कित्येक वाक्ये सुटी काढली तर दिवाणखान्यात चौकट करून लावावीत इतकी चांगली आहेत. पण त्या तिघांपैकी एकही जण एकदाही देवाकडे वळून बोलत नाही. ईयोब मात्र मित्रांना उत्तर देता देता मध्येच त्यांना सोडतो आणि थेट देवालाच विचारतो की, तू माझ्यावरची नजर कधी काढणार, तू मला वैरी का समजतोस. देव बोलू लागतो तो 38व्या अध्यायात. 42व्या अध्यायात तो एलीफजला सांगतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. इतकी कडवट तक्रार करणाऱ्याला देव शेवटीही आपला सेवक म्हणतो, हे वाचल्यावर त्या रात्री मी आईविषयी देवाशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलू शकले. हे तुमच्यामुळे झाले, बाई.

तुमचे शास्त्र मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पावसाळी ओलीने पाने फुगू नयेत म्हणून तुम्ही ते जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवत असा, आणि तरीही स्तोत्रसंहितेची पाने कडांशी जाड झालेली होती. समासात शब्दांचे अर्थ कुठेच नव्हते. पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा होत्या आणि क्वचित एखादे वाक्य, तेही देवाला उद्देशून. 13वे स्तोत्र, जिथे दावीद परमेश्वराला तू कुठवर मला विसरणार असे विचारतो, तिथे एकाखाली एक तीन तारखा होत्या. त्यांच्याविषयी मी कधी विचारले नाही, पण वाचणे आणि प्रार्थना करणे एकाच बैठकीत कसे होते, हे मला त्या समासाने दाखवले.

तरीही, देवाशी नाते आहे म्हणून वाटेल तो अर्थ काढायचा, हे तुम्ही कधी चालू दिले नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातले 11वे वचन आपल्याकडे दिनदर्शिकांवर हमखास असते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. आम्ही ते भराभर आपापल्या नोकरीला आणि लग्नाला लावू लागलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, “आधी पत्र कोणाक लिवलां तां बघ, मगे त्याच्यात तुझां नाव घाल.” मग कळले की ते पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना आहे, हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेची आशा दाखवत असताना यिर्मया 70 वर्षे सांगतो, आणि तोवर घरे बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, असेही सांगतो. ज्या वाडीतल्या घराघरातले कोणी ना कोणी मुंबईला आहे, तिथे हे शब्द किती खोल जातात! माझ्या भावाने त्या वर्षी गावी परतण्याविषयी फोनवर विचारले, तेव्हा मी त्याला 11वे वचन एकटे न वाचता पूर्ण अध्याय वाचून दाखवला.

पंडिता रमाबाईंची साक्षही तुम्हीच आम्हांला सांगितलीत. 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, हे त्यांना त्यानंतर कितीतरी वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि त्याच रमाबाईंनी पुढे मूळ भाषा अभ्यासून अख्खे शास्त्र मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. वैयक्तिक नात्याचे नाव घेऊन अभ्यासाला फाटा देणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे, असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू शास्त्रलेख शोधणाऱ्यांना म्हणतो की ते लेख माझ्याविषयी साक्ष देतात, तरी तुम्ही माझ्याकडे येऊ इच्छित नाही. शोधणे सोडा असे तो सांगत नाही. तो आपल्याकडे बोलावतो.

सर्वांत जास्त ऋण आहे ते योहानाच्या 21व्या अध्यायाचे. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने येणे काय असते, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला समजावून द्यावे लागत नाही. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाकल्यावर शिष्यांना मिळालेल्या 153 माशांवरून तुम्ही आम्हांला पुढे नेलेत आणि किनाऱ्यावरच्या कोळशाच्या विस्तवापाशी थांबवलेत: शिष्य पेत्राने प्रभूला नाकारले तेही अशाच विस्तवापाशी, 18व्या अध्यायात. येशू त्या रात्रीचा शब्दही काढत नाही. आधी न्याहारी देतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तुम्ही म्हणालात की पेत्राचे उत्तर छापलेले आहे, आता आपापले द्या. आणि पुस्तक मिटून आम्हांला गप्प बसवलेत. माझे उत्तर मी इथे लिहीत नाही, पण त्या संध्याकाळपासून कोणताही अध्याय मी उत्तर दिल्यावाचून मिटलेला नाही.

तुम्ही मालवणला मुलाकडे गेल्यापासून सभा माझ्या घरी भरते. नव्या मुलींपैकी एकीने परवा विचारले की, प्रार्थनेत देवावर रागावलेले चालते का. तिला मी 88वे स्तोत्र वाचायला दिले आहे, ते अंधारातच संपते हेही सांगितले आहे. पण पुढचे तिने तुमच्या तोंडून ऐकावे असे फार वाटते. नाताळच्या सुट्टीत सगळ्या मुलींना घेऊन मालवणला आले, तर एक दुपार आम्हांला द्याल का? गुडघे दुखत असतील तर तुम्ही उठूबसू नका, चहापाण्याचे आम्ही बघू. दिवस तेवढा कळवावा.

प्रभूमध्ये तुमची,
बुधवारच्या सभेतली विद्यार्थिनी
वेंगुर्ला