तुमच्या माणसाने ‘ओके दाबा’ म्हटलं, म्हणून मी दाबलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : कौटुंबिक फोटो लायब्ररीबद्दल चुकीची माहिती देऊन फोटो व व्हिडिओ काढून टाकायला लावणे आणि तक्रार परस्पर बंद करणे

काल संध्याकाळी तुमचा मेल आला की माझी तक्रार निकाली निघाली. कारण दिलंय, ‘ग्राहकाकडे पर्यायी प्रत उपलब्ध’. ही पर्यायी प्रत म्हणजे काय, ते आधी सांगते.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ३२ सेकंदांची एक क्लिप पडून आहे. २०२२ च्या गणपतीत भाच्याने माझ्या आईचा आरती करतानाचा व्हिडिओ काढला होता. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी त्याने त्यातला एक तुकडा कापून ग्रुपवर टाकला. तो आकसून, दबून आलेला आहे. आईचा चेहरा फिकट, नाकडोळे एकमेकांत मिसळलेले, आणि ‘लवथवती विक्राळा’ला पोचायच्या आत क्लिप संपते. मूळ व्हिडिओ १ मिनिट ४० सेकंदांचा होता. त्यात निरांजनाची ज्योत आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दिसायची. ताम्हण धरलेला हात थरथरायचा आणि त्या थरथरीने बांगड्यांचा बारीक आवाज यायचा. शेवटी ती कॅमेऱ्याकडे वळून भाच्याला म्हणते, “पुरे आता, फोन ठेव आणि प्रसाद घे.” २०२३ च्या फेब्रुवारीत आई गेली. तिचा आवाज असलेला आमच्याकडचा तो शेवटचा व्हिडिओ. तो आता कुठेही नाही आणि तुमच्या कागदोपत्री माझी तक्रार सुटलेली आहे.

घरच्यांनी मिळून वापरायची तुमची फोटो लायब्ररी कशी चालते हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही, ती तुम्हीच बनवली आहे. पण तुमच्या हेल्पलाइनवर बसलेल्यांना ते माहीत नाही, म्हणून लिहिते. सहा जण एका लायब्ररीत असले म्हणजे सहा प्रती होत नाहीत. फोटो लायब्ररीत टाकला की तो टाकणाऱ्याच्या स्वतःच्या संग्रहातून उठून तिथे जातो. क्लाउडवर, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर, एकच मूळ फाइल राहते, ती सहाही जणांना दिसते आणि तिची जागा मात्र लायब्ररी उघडणाऱ्या एकाच माणसाच्या खात्यात मोजली जाते. तो माणूस म्हणजे मी. कुणीही एकाने फोटो काढून टाकला की तो सहाही जणांकडून जातो.

ही चार-पाच वाक्यं मला ९ जूनला कुणी सांगितली असती, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

मे महिन्यात इंदूरला दादाच्या नातवाची मुंज झाली. भाचा टोरांटोहून आला होता, त्याने सगळी मुंज ४के मध्ये, सेकंदाला ६० फ्रेमने काढली. अशा चित्रणाचं एक मिनिट साधारण ४०० एमबी होतं, म्हणजे ४० मिनिटांना १६ जीबी. मी हिशोब वहीत मांडला आहे. माझे फोटो, फोनचा बॅकअप आणि मेल मिळून ६१ जीबी. भाच्याचे ७४, मुलीचे ३८, वहिनीचे १२, दादाचे ९, ह्यांचे ४. एकूण १९८. माझा प्लॅन २०० चा. फोटो चढायचे थांबले आणि पाठोपाठ मेलही यायचे बंद झाले, त्यात बँकेचेही होते.

९ जूनला मी हेल्पलाइनला फोन करून सरळ विचारलं, “भाच्याचे व्हिडिओ कुणाच्या जागेत धरले जातात?” उत्तर मिळालं, “ज्याचे त्याच्या.” मी त्यावर विश्वास ठेवला. आठवडाभर रात्री जेवणं आटोपली की माझेच फोटो निवडत बसले, की माझ्याकडेच असं काय साठलंय. दोन फोटो काढून टाकायचे आणि जागेचा आकडा बघायचा. जागा मोकळी होईना, कारण भार माझ्या फोटोंचा नव्हताच.

१६ जूनच्या कॉलबद्दल सविस्तर लिहिते, कारण नुकसान तिथे झालं.

तुमच्या माणसाने आधी माझ्या फोनची सेटिंग बदलायला लावली, मूळ फाइल क्लाउडवर ठेवून फोनवर छोटी प्रत ठेवायची ती. त्याने फोनवरची जागा वाचते, क्लाउडवरची एक एमबीसुद्धा नाही. माझा प्रश्न क्लाउडचा होता हे तीनदा सांगावं लागलं. मग त्याने सफाईचा पर्याय उघडायला सांगितला. तिथे दोन याद्या आल्या, एक मोठ्या व्हिडिओंची आणि एक अस्पष्ट फोटोंची. अस्पष्ट फोटोंच्या यादीत पहिल्याच ओळीत माझे आजोबा होते.

ते फोटो कसले हे सांगायला हवं. आमचा वाडा बडोद्याच्या दांडिया बाजारात होता. आजोबा बडोदा संस्थानात कारकून. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हाचा कचेरीतला सगळ्यांचा एकत्र फोटो, रावपुऱ्यातल्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर उभी आजी, कमाटीबागेत झबल्यातली आई. काळ्या पानांचे, कोपऱ्यांत चिकटवलेले तीन आल्बम होते. २०२३ च्या दिवाळीत दादाने ते एकेक करून स्कॅन केले आणि लायब्ररीत टाकले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, कारेलीबागेतल्या आमच्या घरात कंबरभर पाणी शिरलं आणि तिन्ही आल्बम खालच्या कपाटात होते. पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेलं की चेहरा एका पानावर आणि खांदे दुसऱ्यावर. त्या दिवसापासून दादाचे स्कॅन हेच मूळ आहेत.

हे मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, ये सब तो ब्लर हैं, इनको रखके क्या करेंगे?”

मी म्हटलं, हे आमच्या घरचे आहेत, मला काढायचे नाहीत. तेव्हा तो म्हणाला की तुमच्या फोनमधून काढा, भावाकडे राहतीलच. मोठ्या व्हिडिओंचंही तेच सांगितलं, ज्याने टाकलेत त्याच्याकडे ते असतातच, तुमच्याकडून फक्त तुमची प्रत जाईल. मी सगळं निवडलं. स्क्रीनवर सूचना आली की हे सर्व सदस्यांकडून काढलं जाईल. मी थांबले आणि ती सूचना त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवली. “सर्व सदस्य” हे शब्द दोनदा वाचले. तो म्हणाला, “वो आपके डिवाइसेस के लिए है, ओके दबाइए.” मी ओके दाबलं. ३,७०० फोटो आणि २१२ व्हिडिओ.

तरी जागा भरलेलीच. ३ जुलैला परत फोन केला. काढलेल्या वस्तू ३० दिवस ‘नुकतेच काढलेले’मध्ये राहतात आणि तोवर जागा धरतात, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ज्याने फोटो टाकला त्यालाच तो तिथून परत आणता येतो किंवा कायमचा काढता येतो, हे मात्र याही वेळी कुणी सांगितलं नाही. उलट मला म्हणाले, सगळ्या सदस्यांना ते रिकामं करायला सांगा. मी ग्रुपवर तसं लिहिलं. मुलीने त्याच रात्री केलं. भाच्याने दुसऱ्या दिवशी केलं, मावशीने सांगितलं म्हणून काही न विचारता. आईचा व्हिडिओ त्याने टाकलेला होता, तिथेच तो गेला.

दादाने केलं नाही. त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी फोन बघायचा नाही म्हणून सांगितलं होतं. १२ जुलैला त्याने हिरवी पट्टी वर करून पहिल्यांदा फोन उघडला आणि मला विचारलं, “अगं, आजोबांचे फोटो कुठे गेले?” मी त्याला ‘नुकतेच काढलेले’ उघडायला लावलं. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं होतं, ‘४ दिवस’. आजोबांखाली ४ दिवस, आजीखाली ४ दिवस. वहिनीने शेजारी बसून एकेक फोटो परत आणला. आमचे आल्बम दादाच्या मोतीबिंदूमुळे वाचले, तुमच्या सेवेने ते घालवलेच होते.

आता परवाचा कॉल. २२ मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमचे वरिष्ठ अधिकारी बोलायला आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, व्हिडिओ किती एमबीचा होता. मी म्हटलं, साधारण ६७०. त्यांनी विचारलं, व्हिडिओ कोणत्या प्रकारचा, कामाचा की वैयक्तिक. मी म्हटलं, माझ्या आईचा. किबोर्डचा आवाज आला. मग म्हणाले, “डिलीट तुमच्या अकाउंटवरून झालंय, मॅडम. सिस्टिमने वॉर्निंग दिली होती.” मी म्हटलं, ती वॉर्निंग मी तुमच्याच माणसाला वाचून दाखवली होती. ते म्हणाले, “वाचली होती ना, मग?” मग विचारलं की त्या व्हिडिओची प्रत दुसरीकडे कुठे आहे का. मी प्रामाणिकपणे सांगितलं, व्हॉट्सॲपवर एक तुकडा आहे. तेवढं वाक्य त्यांनी उचललं. त्यानंतर त्यांनी मला २ टीबीचा प्लॅन घ्यायला सुचवलं.

मी ५८ वर्षांची आहे. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय. सूचना वाचता येत नाही, हिशोब कळत नाही, अशी बाई मी नाही. सूचना वाचली, शंका आली, म्हणून तुमच्या माणसाला विचारलं. ग्राहकाने आणखी काय करायचं असतं? जागा कुणाची मोजली जाते, हा एवढाच प्रश्न मी ९ जूनला विचारला होता आणि त्याचं उत्तर खोटं मिळालं. मुद्दाम खोटं बोलले असं मी म्हणत नाही. माहीत नव्हतं, तर ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं.

सात वर्षं मी तुम्हाला दरमहा पैसे भरतेय. घरातल्या सगळ्यांना तुमच्याकडे मीच आणलं. दादा पेनड्राइव्हवर ठेवू म्हणत होता, मीच त्याला म्हटलं की इथे जास्त सुरक्षित राहतील. पुरानंतर तर शेजारपाजारच्या चार घरांना मी तुमचं नाव सांगितलं.

माझी तक्रार पुन्हा उघडा. भाच्याच्या खात्यातून ४ जुलैला कायमचा काढला गेलेला व्हिडिओ तुमच्या सर्व्हरवर कुठल्याही बॅकअपमध्ये शिल्लक आहे का, हे तांत्रिक विभागाकडून तपासून मला लेखी कळवा. हेल्पलाइनवरच्या माणसाचं तोंडी उत्तर मी आता घेणार नाही. आणि ‘पर्यायी प्रत उपलब्ध’ हा शेरा खोडून काढा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला नोंद करून बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या कायद्याने मला मी राहते तिथेच दावा लावता येतो आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. वही, कॉलच्या वेळा आणि दादाच्या फोनवरच्या त्या ‘४ दिवस’चे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

९ जून, १६ जून आणि ३ जुलै या तिन्ही कॉलची रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, कॉल सुरू होताना तुम्हीच तसं सांगता. ती काढून टाकू नका.

एक ग्राहक
कारेलीबाग, बडोदा