महापौर परिषदेला कायद्यात जागा हवी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागले. मुंबई वगळता इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. मधल्या पाच आठवड्यांत महापौरपदाची आरक्षण सोडत, गटांची नोंदणी, महापौरांची निवड आणि स्थायी समितीची स्थापना. करांचा विचार करायला नव्या सभागृहाच्या हाती दिवस किती उरले असतील ते आपणच मोजावे.

हे या एका वर्षापुरतेही नाही. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. मालमत्ता कर किती आणि पाणीपट्टी किती हे महापालिकेने ठरवून टाकल्यावर मग कळते की नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेत किती मिळणार आणि केंद्राच्या योजनेतला राज्याचा हिस्सा किती. मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या मूल्यावर घेतला जाणारा १ टक्का अधिभारही राज्यामार्फतच येतो. अंदाजपत्रक मांडताना तो कोणत्या महिन्यात हाती पडेल याची खात्री नसते. मग जमेची बाजू फुगवली जाते, डिसेंबरात सुधारित अंदाजपत्रकात ती खाली येते आणि कात्री लागते ती देखभाल-दुरुस्तीला. ठेकेदारांची देयके पुढच्या वर्षावर ढकलली जातात आणि पुढच्या वर्षीची निविदा तेवढी चढ्या दराने येते.

एकटी महापालिका हे वेळापत्रक बदलू शकत नाही. ते काम महापौरांच्या संघटनेचे आहे. महाराष्ट्रात महापौर परिषद आहे, तिच्या बैठका होतात, ठराव होतात. पण राज्य सरकारने तिचे ऐकलेच पाहिजे असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही आणि ऐकण्याजोगी आकडेवारी तयार करणारे कायम कार्यालयही तिच्यापाशी नाही. या दोन गोष्टींसाठी हे पत्र आहे.

डेन्मार्कमध्ये ९८ नगरपालिका आहेत. त्यांची संघटना आणि सरकार दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाटाघाटीला बसतात आणि पुढच्या वर्षी नगरपालिकांनी मिळून सेवांवर किती खर्च करायचा, अनुदान किती, कर किती, याचा करार करतात. नगरपालिका १५ ऑक्टोबरपर्यंत अंदाजपत्रक मंजूर करतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यापुढे असतात. सरकारने नगरपालिकांवर नवे काम टाकले तर त्याचा खर्चही मोजून द्यायचा असा तिथे दंडक आहे आणि ती मोजणी संघटनेशी बोलून होते. डेन्मार्क लहान आणि श्रीमंत देश आहे, त्यांचे करांचे अधिकार आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण आधी बोलणी, मग सरकारचे आकडे, मग पालिकेचे अंदाजपत्रक हा क्रम पाळायला श्रीमंती लागत नाही.

आपल्या परिस्थितीला अधिक जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तिथल्या राज्यघटनेच्या कलम १६३ मध्ये नगरपालिकांच्या संघटनेला मान्यता देण्याची तरतूद आहे आणि तिच्यासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. संसदेच्या वरच्या सभागृहात या संघटनेचे दहापर्यंत प्रतिनिधी बसू शकतात. त्यांना मत नाही, पण बोलण्याचा हक्क आहे. कलम १५४ त्याहून उपयोगी आहे. स्थानिक संस्थांचे अधिकार किंवा कामकाज यांना स्पर्श करणारे विधेयक मांडण्याआधी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, त्यावर संघटनेला म्हणणे मांडता यावे अशा रीतीने. आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले, कलम २४३-म ने राज्य वित्त आयोगाकडे पालिकांच्या आर्थिक स्थितीचा आढावा सोपवला. पालिकांनी एकत्र येऊन राज्याशी बोलावे कसे, याबद्दल मात्र घटनादुरुस्तीत काहीही नाही.

त्याचे परिणाम नगराध्यक्षांच्या निवडीत दिसले. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, हा नियम २००१, २००६, २०१६, २०२० आणि २०२२ असा पुन्हा पुन्हा फिरला. कोणती पद्धत चांगली यावर आमच्यातही दुमत आहे. पण इतका मूलभूत बदल करताना ज्यांना ती पद्धत चालवायची आहे त्यांचे लेखी म्हणणे घेणे सरकारवर बंधनकारक नव्हते, हे कुठल्याही बाजूने पाहिले तरी योग्य नाही.

कायद्यात लिहिले की काय होते याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा भरपाईची हमी शासन निर्णयावर न सोडता स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात दर वर्षी ८ टक्के वाढ धरली गेली. म्हणून ती रक्कम अंदाजपत्रकात निर्धास्त लिहिता येते. योजनांच्या हिश्शाचे तसे नाही. अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणीपुरवठा योजनेत केंद्राचा वाटा १० लाखांवरच्या शहरांना २५ टक्के, १ ते १० लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि १ लाखाखालच्या शहरांना निम्मा आहे. उरलेल्यातला किती राज्याने उचलायचा आणि किती पालिकेने, हे राज्यात ठरते. पाणीयोजनेत पालिकेचा वाटा पाच टक्क्यांनी वाढला तरी मध्यम शहराला कर्ज काढावे लागते आणि त्याचे हप्ते पाणीपट्टीतून जातात. ही वाटणी महापौरांच्या संघटनेशी बोलून, तिच्या सहीने ठरली पाहिजे.

आता संघटनेच्या बाजूने काय हवे ते सांगतो, कारण नुसता हक्क मिळून भागणार नाही.

कच्च्या पाण्याचेच पाहा. धरणातून उचललेल्या पाण्याचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. त्याआधी हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावण्या होतात. विजेचे दर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवतो; त्यात सार्वजनिक पाणीपुरवठा आणि पथदिवे यांचे वेगळे वर्ग आहेत. पाणी उपसणे, शुद्ध करणे, टाकीत चढवणे, मैला शुद्ध करणे, सगळीकडे मोटारी चालतात, म्हणून पाणीखात्याच्या खर्चात वीज हा मोठा घटक असतो. या सुनावण्यांना उद्योगांच्या संघटना अभियंते आणि वकील घेऊन येतात. महापौर परिषदेने तिथे उभे राहायचे तर तिच्या हाती एक हजार लिटर पाण्याचा खरा खर्च असला पाहिजे आणि तो सर्व शहरांचा एकाच पद्धतीने काढलेला असला पाहिजे.

इथेच अडते. एका महापालिकेत पंपिंग स्टेशनचे वीजबिल पाणीखात्यात पडते, दुसरीत ते पथदिव्यांसह विद्युत विभागात. कुठे पाणीखात्यावरच्या कर्जाचे व्याज धरतात, कुठे ते सर्वसाधारण निधीत जाते. कायम कर्मचारी एका शीर्षात, कंत्राटी कर्मचारी दुसऱ्यात. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी मोजलेले असते. नळजोडाला मीटर नसल्याने घरात पोहोचलेले पाणी अंदाजाने लिहिलेले असते. भागाकार कशाने करायचा यावर उत्तर बदलते. बाहेर पडलेल्या पाण्याने भागले तर खर्च कमी दिसतो, बिल लागलेल्या पाण्याने भागले तर जास्त. दोन शहरांनी दोन रीतींनी काढलेले आकडे एका तक्त्यात ठेवले की समोरचा वकील पाच मिनिटांत तो तक्ता मोडून काढतो.

म्हणून परिषदेच्या कार्यालयाचे पहिले काम भाषणे लिहिणे नसून एक समान नमुना करणे हे आहे. कच्चे पाणी, वीज, तुरटी व क्लोरीन, वेतन, दुरुस्ती, कर्ज असे सहा रकाने. लेखापरीक्षण झालेली सलग तीन वर्षे. उचललेले, शुद्ध केलेले आणि बिल लागलेले पाणी वेगवेगळे. शहराकडून भरून आलेला नमुना लेखापालाच्या सहीशिवाय घ्यायचा नाही. त्यावरून चार पानांचे मागणीपत्र : कोणत्या कायद्याचे कोणते कलम किंवा कोणता दर बदलायचा, त्याने राज्याच्या तिजोरीवर किती भार पडेल, न बदलल्यास कोणत्या वर्गाच्या शहरांना किती तूट येईल. अधिकाराची मागणी करणारा ठराव मंत्रालयात फाइलला लागतो. रक्कम लिहिलेल्या कागदाला वित्त विभागाला उत्तर द्यावे लागते.

याला दहा-बारा माणसे पुरतात : स्थानिक वित्ताची तीन, पाणी व घनकचऱ्याचे अभियंते तीन, कायद्याची दोन, आकडेवारीची दोन आणि कार्यालयीन मदत. खर्च सदस्यांच्या वर्गणीतून यावा. महापालिकांचे अ ते ड असे वर्ग आहेत, ड सर्वांत लहान शहरांचा. ड वर्गाने वर्षाला ५ लाख, क वर्गाने १०, ब वर्गाने २०, अ वर्ग आणि मुंबईने प्रत्येकी ४० लाख दिले तर तीन कोटींच्या आसपास जमतात. राज्याचे अनुदान मात्र यात नको. ज्याच्याशी वाटाघाट करायची त्याच्याच पैशावर कार्यालय चालले तर अवघड प्रश्नाच्या वेळी ते गप्प बसेल. प्रशिक्षणाची सोय नव्याने उभारायची गरज नाही. १९२६ मध्ये मुंबईत सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तेच काम करत आली आहे.

रचनेत चार ठिकाणी काळजी घ्यावी लागेल. महापौरांची मुदत अडीच वर्षांची असते, त्यामुळे परिषदेचा सदस्य महापौर ही व्यक्ती न मानता महापालिका ही संस्था मानावी. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष वेगवेगळ्या पक्षांचे असावेत, नाहीतर राज्यात सत्ता बदलली की परिषद एकतर मुकी होते नाहीतर नुसती विरोधक. मोठ्या शहरांच्या प्रश्नांखाली लहान शहरे दबू नयेत म्हणून मागणीपत्राला ड वर्गाच्या निम्म्या सदस्यांची वेगळी संमती लागावी; नगरपरिषदा आणि नगरपंचायतींनाही सल्लामसलतीच्या टेबलावर स्वतंत्र खुर्ची हवी, त्यांची दुखणी वेगळी आहेत.

चौथी बाब सर्वांत गंभीर. २०२० पासून एकामागून एक महापालिकांच्या मुदती संपल्या आणि प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोवर काही शहरांत तीन, तर काहींत पाच वर्षे उलटली होती. कलम २४३-प पाच वर्षांहून अधिक मुदत देत नाही. महापौरच नसल्यामुळे महापौरांची संघटनाही नव्हती. नेमकी ज्या काळात शहरांच्या वतीने कोणीतरी बोलायला हवे होते, त्याच काळात. प्रशासकाला राज्य सरकार नेमते, त्याच्याकडून सरकारपुढे पालिकेची बाजू मांडण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून अशी तरतूद हवी की निवडणूक लांबल्यास परिषदेची मावळती कार्यकारिणी, पालिकेचे कोणतेही अधिकार न वापरता, परिषदेच्या कामापुरती कायम राहील आणि वेळेवर निवडणुकीसाठी न्यायालयात दाद मागू शकेल.

आपण करायच्या गोष्टी कमी आहेत. १९४९ च्या अधिनियमात, मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमात आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात प्रत्येकी एक कलम घालावे : पालिकांच्या मान्यताप्राप्त संघटनेला मसुदा पाठवून ३० दिवस दिल्याशिवाय तिच्या सदस्यांच्या अधिकारांवर किंवा उत्पन्नावर परिणाम करणारे विधेयक, नियम वा शासन निर्णय काढता येणार नाही, आणि हरकत अमान्य केल्यास कारण लेखी द्यावे लागेल. आपत्तीच्या काळातला अपवाद ठेवावा, पण त्याला ९० दिवसांची मुदत असावी. दुसरे, दर वर्षी डिसेंबरच्या अखेरीपर्यंत नगरविकास आणि वित्त विभागाने परिषदेबरोबर बसून प्रत्येक पालिकेला पुढच्या वर्षी मिळणाऱ्या रकमा हप्त्यांच्या महिन्यांसह जाहीर कराव्यात. केरळ सरकार अर्थसंकल्पाच्या चौथ्या परिशिष्टात प्रत्येक स्थानिक संस्थेच्या नावापुढे तिची रक्कम छापते. त्याचा नमुना मागवून घ्यावा. तिसरे, राज्य वित्त आयोगापुढे संघटनेला सुनावणीचा हक्क असावा आणि आयोगाच्या कोणत्या शिफारशी स्वीकारल्या, कोणत्या नाही, याचा कृती अहवाल विधिमंडळात ठेवण्याची तारीख ठरलेली असावी.

दुरुस्ती विधेयक येत्या पावसाळी अधिवेशनात मांडले तर डिसेंबरची पहिली बैठक याच वर्षी घेता येईल आणि २० फेब्रुवारीला सभागृहापुढे खरे आकडे असतील. समान नमुन्याचा मसुदा आणि प्रस्तावित कलमाचे शब्दांकन घेऊन आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर बसायला आम्ही तयार आहोत. वेळ कळवावी, ही विनंती.

आपले,
नगर प्रशासन आणि स्थानिक वित्त या क्षेत्रांत काम करणारे नागरिक