पीएफची खाती वाढली. नोकऱ्या किती वाढल्या?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जून २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या सदस्यसंख्येत २१.८९ लाखांची निव्वळ भर पडल्याची बातमी आपण पहिल्या पानावर दिलीत आणि तिच्याशेजारी जिल्ह्यातील दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या प्रतिक्रिया छापल्यात. एकाने ते सगळे श्रेय आपल्या सरकारचे मानले, दुसऱ्याने आकडाच खोटा ठरवला. हा आकडा निघतो कसा, हे दोघांपैकी कोणी सांगितले नाही आणि आपल्या वार्ताहरानेही विचारले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले.

आकडा खरा आहे, पण तो खात्यांचा आहे. नव्याने नोंदवलेले सुमारे १०.६२ लाख, पूर्वी बाहेर पडून पुन्हा आलेले सतरा लाखांच्या आसपास आणि त्यातून सदस्यत्व सोडणाऱ्यांची वजाबाकी, असा तो बनतो.

माझा मुलगा आयटीआयचा टर्नर. कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात तो ठेकेदारामार्फत लागला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याला पगार रोख मिळत होता, हजेरी ठेकेदाराच्या वहीत होती आणि पगाराची स्लिप कधी मिळाली नाही. पीएफबद्दल विचारले, की अजून ट्रेनिंग चालू आहे, एवढेच उत्तर येई. पुढे कारखान्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने ठेकेदारी कामगारांची कागदपत्रे मागितली, तेव्हा आठवड्याभरात सगळ्यांची आधार कार्डे गोळा झाली आणि यूएएन (पीएफ खातेदाराचा कायमचा क्रमांक) हेही निघाले. त्या महिन्यात माझा मुलगा सरकारदफ्तरी १८ ते २५ वयोगटातील नवा सदस्य झाला. लेथ तोच, पाळी तीच. हातात पडणारी रक्कम मात्र घटली, कारण ठेकेदाराने स्वतःचा बारा टक्के हिस्साही, कायद्याने मनाई असताना, त्याच्याच पगारातून वळता केला. आधीच्या वर्षांचा पीएफ कोठेही जमा नाही. ज्या पुढाऱ्याने या वाढीचे श्रेय घेतले, त्याला आणि ज्याने आकडा उडवून लावला, त्यालाही मला एवढेच विचारायचे आहे की, या बुडालेल्या पैशांसाठी आपल्यापैकी कोण भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे जाणार आहे?

आकडा सोयीचा असेल तर खरा, हा रोग एका पक्षाचा नाही. बेरोजगारीचा दर ६.१ टक्के दाखवणारा २०१७-१८ च्या सरकारी सर्वेक्षणाचा अहवाल लोकसभा निवडणूक संपल्यावर ३१ मे २०१९ रोजी जाहीर झाला. तो अडवल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. त्या वेळी सरकारी सर्वेक्षण प्रमाण मानणारे विरोधक आज सरकारी आकडा पाहायलाही तयार नाहीत. अमेरिकेत तर १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगारवाढ कमी निघताच अध्यक्ष ट्रम्प यांनी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना त्याच दिवशी पदावरून दूर केले. ट्रम्प यांच्याच प्रवक्त्याने मार्च २०१७ मध्ये चांगला आकडा येताच, पूर्वीचे खोटे असतील पण आताचा खरा आहे, असे सांगितले होते.

आपल्या जिल्ह्यातील पुढाऱ्यांना हे शोभत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्यांच्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने सत्ताधारी आणि विरोधक असा भेद न करता मंजूर केला आणि खर्चासाठी व्यवसाय कर बसवण्याचे अप्रिय कामही केले.

जाता जाता आणखी एक तक्रार. रोजगार मेळाव्यांतील व्यासपीठाची छायाचित्रे आपण नेमाने छापता. त्यात नियुक्तिपत्र मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण कामावर टिकले, हे मी आपल्या अंकात कधी वाचलेले नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या कामगारामागे मालकाला दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना सुरू झाली असल्याने पुढचे आकडे आणखी फुगतील. ते छापण्याआधी आपला वार्ताहर एकदा कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या फाटकावर पाळी सुटताना उभा राहावा आणि त्याने ठेकेदारी कामगारांना पीएफ कधीपासून कापला जातो व कोणाच्या खिशातून, हे विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)