कार्लाइलचे उरलेले दहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जिम थॉर्प या अमेरिकी मूळनिवासी खेळाडूवरचा लेख वाचला. थॉर्पबद्दल आपल्याकडे जे काही छापून येते ते बहुधा १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमधल्या पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनच्या दोन सुवर्णपदकांपाशीच थांबते. लेखकाने कार्लाइलच्या संघातला त्याचा फुटबॉलही आठवणीने घेतला, याचा आनंद झाला. मात्र ‘१९१२च्या मोसमात थॉर्पने एकट्याने अमेरिकी लष्कराला लोळवले’ हे वाक्य काही गळ्याखाली उतरेना. मी पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत खेळाचा मास्तर होतो. अकरा जणांच्या खेळात ‘एकट्याने’ हा शब्द दिसला की माझी शिट्टी आपोआप वाजते.

आधी वाचकांचा एक गोंधळ दूर करायला हवा. माझ्या नातवाचाही तोच झाला. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्याने आडवे पाडायचे. १९०५ साली या खेळात इतकी मुले दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली. त्यापूर्वी बहुतेक खेळ म्हणजे वजनदार पोरांची ढकलाढकली होती. १९१२मध्ये आणखी बदल झाले. मैदान ११० यार्डांवरून १०० यार्डांवर आले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाचाचे सहा झाले आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. किती लांब फेकायचे यावरची मर्यादाही गेली. हे सगळे बदल हलक्या अंगाच्या, चपळ संघाच्या पथ्यावर पडणारे होते आणि कार्लाइल नेमका तसा संघ होता. लेखात या नियमांबद्दल एक ओळही नाही, त्यामुळे त्या वर्षीचे यश आकाशातून पडल्यासारखे वाटते.

दुसरे म्हणजे, लेखात कार्लाइलला ‘कॉलेज’ म्हटले आहे. खेळत ते कॉलेजांशीच, पण कार्लाइल हे कॉलेज नव्हते. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या जुन्या लष्करी बराकींत रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली काढलेली ती सरकारी निवासी शाळा होती. शेकडो मैलांवरच्या वस्त्यांतून मूळनिवासींची मुले तिथे आणली जात. आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचे आणि स्वतःची भाषा बोलायला बंदी. दिवसाचा अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ शिंपीकाम, लोहारकाम, धुणे. उरलेल्या काळात आसपासच्या शेतकऱ्यांकडे कामाला धाडायचे. थॉर्प तिथे १९०४ साली आला. शिंपीकाम शिकला आणि शेतांवर राबलाही. स्टॉकहोमला दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवणारा लुई टेवानिमा हा होपी जमातीचा धावपटू याच शाळेचा. सरकारला विरोध केला म्हणून सैनिकांनी पकडलेल्या होपींबरोबर तो तिथे पोचला होता. शिकायला आला होता असे म्हणणे जरा जडच जाते.

आता मोसम. एकूण १४ सामने झाले. त्यांपैकी १२ जिंकले, एक हरला आणि एक बरोबरीत सुटला. गुण केले ५०४ आणि दिले ११४. सुरुवातीचे सामने आसपासच्या छोट्या कॉलेजांशी: ऑलब्राइटविरुद्ध ५०–७, लेबनन व्हॅलीविरुद्ध ४५–०, डिकिन्सनविरुद्ध ३४–०, व्हिलानोवाविरुद्ध ६५–०. मग वॉशिंग्टन अँड जेफरसनने ०–० असे रोखून धरले. (आकडे पाहून ‘हे तर कोणालाही हरवणार’ असे वाटू लागते, तेवढ्यात असा एक सामना येतोच.) पुढे सिरॅक्यूज ३३–०, पिट्सबर्ग ४५–८.

मला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटते ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याचे. २६ तारखेला वॉशिंग्टनला जॉर्जटाउनशी ३४–२०. लगेच रेल्वेत बसून २८ तारखेला कॅनडात टोरांटोशी, तेही रग्बीच्या धाटणीच्या नियमांनी, ४९–१. २ नोव्हेंबरला लिहाय, ३४–१४. आणि त्यानंतर आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, वेस्ट पॉइंटला लष्करी अकादमीशी तो गाजलेला सामना. आठवी-नववीच्या संघाला तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी नेताना माझी दमछाक व्हायची, म्हणून हे वेळापत्रक मी दोनदा वाचले. हा संघ घरच्या मैदानावर फारसा खेळतच नसे. मोठ्या शहरांत तिकिटांची विक्री चांगली होई आणि प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांना तो हिशेब पक्का माहीत होता.

वेस्ट पॉइंटचा गुणफलक २७–६. लष्कराने पहिले टचडाउन केले, पण त्यानंतरची एका जादा गुणाची किक चुकली. मध्यंतराला कार्लाइल ७–६ असे जेमतेम पुढे होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीला लष्कराचा धिप्पाड कर्णधार डेव्होर याने कार्लाइलच्या जो गायनवर डूख धरून हल्ला केला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. त्यानंतर सामना एकतर्फी झाला. आता आपल्या लेखकांना विचारावेसे वाटते: कार्लाइलने त्या दिवशी चार टचडाउन केले, त्यांतले थॉर्पचे किती? एकही नाही. तीन ॲलेक्स आर्कासाचे, एक जो बर्जीचे. थॉर्पची एक लांबलचक, थेट टचडाउनपर्यंतची धाव नियमभंगामुळे रद्द झाली. त्या दिवशी तो अप्रतिम खेळला यात वाद नाही. पण त्याच्या खेळाची मोठी करामत अशी की लष्कराची सगळी पोरे त्याच्याच मागे धावत होती आणि चेंडू आर्कासाकडे असायचा. त्यासाठी वॉर्नरने आखलेली नवी रचना आणि ती मैदानावर चालवणारा गस वेल्श हा क्वार्टरबॅक (मैदानावर चाली ठरवणारा खेळाडू), या दोघांची नावे लेखात नाहीत. समोर खेळणाऱ्या आयझेनहॉवर यांचे मात्र आहे, कारण ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपण ‘एकट्याने’ हा शब्द ठेवायचाच म्हणत असाल तर तो स्प्रिंगफिल्डच्या सामन्याला लावा. २३ नोव्हेंबरला कार्लाइलने स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए कॉलेजला ३०–२४ असे हरवले आणि तीसच्या तीस गुण थॉर्पचे होते. आम्हा खेळाच्या मास्तरांना स्प्रिंगफिल्ड म्हणजे घरचेच नाव. बास्केटबॉल तिथे जन्मला आणि मद्रासला १९२०मध्ये शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढणारे हॅरी बक तिथलेच. पण त्या सामन्यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण त्यात सैनिक नाहीत.

मूळनिवासींनी ‘लष्करावर सूड’ घेतला ही लेखातली कल्पना वाचायला झकास आहे आणि ती त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांनाही फार आवडायची. कार्लाइल जिंकले की बातमीत हटकून कुऱ्हाडी आणि युद्धघोष येत. हरले तरी तेच. आपल्या लेखातला ‘रेड इंडियन’ हा शब्द त्याच दुकानातला आहे. माझ्या शाळेच्या पुस्तकात तो होता, मी स्वतः वर्गात कित्येकदा वापरला, तेव्हा दोष एकट्या लेखकाला देत नाही. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा, वेल्श आणि गायन ओजिब्वे. जमातीचे नाव घातले तर छापताना दोन शब्द जास्त लागतील, एवढेच.

सूड कोणी कोणावर घ्यायचा, हाही प्रश्नच आहे. संघ जिंकत असताना पैसा शाळेच्या क्रीडा संघटनेच्या खात्यात जात होता आणि ते खाते वॉर्नरच्या हातात होते. १९१४ साली अमेरिकी संसदेच्या समितीने कार्लाइलची चौकशी केली. त्या चौकशीची मागणी करणाऱ्या अर्जावर दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. तो अर्ज फिरवण्यात पुढे होता गस वेल्श, म्हणजे लष्कराविरुद्ध संघ हाकणारा तोच मुलगा. शाळेच्या अधीक्षकांना जावे लागले, वॉर्नर पिट्सबर्गला गेले आणि १९१८ साली शाळाच बंद झाली. मला विचाराल तर वेल्शची सर्वांत मोठी चाल वेस्ट पॉइंटवर नाही, या अर्जात आहे.

थॉर्पच्या पदकांबद्दल लेखात ‘तांत्रिक कारणाने काढून घेतली’ एवढेच आहे. १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलिनात किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. जानेवारी १९१३मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एका दैनिकात ते छापून आले आणि हौशी खेळाडूचा नियम मोडला म्हणून पदके गेली. आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असे वॉर्नर आणि अधीक्षकांनी सांगितले. दोन उन्हाळे आपला सर्वांत तगडा खेळाडू कुठे होता हे प्रशिक्षकाला ठाऊक नव्हते, यावर पस्तीस वर्षे शिट्टी गळ्यात घातलेल्या माणसाने विश्वास कसा ठेवावा? पदकांच्या प्रतिकृती १९८३ साली त्याच्या मुलांना दिल्या गेल्या आणि दोन्ही प्रकारांतला एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले ते थेट २०२२मध्ये. थॉर्प १९५३ सालीच वारला होता.

माझी मुलगी हॅरिसबर्गजवळ राहते. तिथून कार्लाइल मोटारीने अर्ध्या तासावर आहे. तिच्याकडे गेलो असताना आम्ही तिथे गेलो. शाळेच्या जागी आज लष्कराचे युद्ध महाविद्यालय आहे, त्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते. मला मैदान पाहायचे होते. आधी दिसले ते कब्रस्तान. पांढऱ्या संगमरवरी दगडांच्या सरळ रांगा, शाळेत दगावलेल्या मुलांच्या. काही दगडांवर नाव आणि जमात, काहींवर फक्त ‘अज्ञात’. २०१७पासून लष्कर त्यांतली काही मुले उकरून काढून त्यांच्या जमातींकडे परत पाठवत आहे, म्हणून रांगेत मधेमधे जागा रिकाम्या होत चालल्या आहेत. मुलीने मैदानाकडे चला म्हटले. आम्ही गेलोही, पण फार वेळ थांबलो नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. मोसमातला एकमेव पराभव लेखात ‘पेन स्टेटकडून’ म्हटला आहे. तो १६ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून, ३४–२६ असा झाला. ही दोन वेगळी विद्यापीठे आहेत. दुरुस्ती छापाल तेव्हा जागा असेल तर आर्कासा, बर्जी, गायन आणि वेल्श ही चार नावेही द्यावीत. बाकीची सहा मी पुढच्या पत्रात कळवतो.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली