जुनी इलेक्ट्रिक गाडी विकताना बॅटरीची तब्येत सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, बॅटरी गेली तर? मग एक जण म्हणतो पाच वर्षांत लाखोंचा खड्डा, दुसरा म्हणतो काही होत नाही हो, आणि दोघंही अंदाजानेच बोलत असतात. बॅटरी सहसा एका दिवसात मरत नाही, तिची क्षमता हळूहळू उतरते, आणि किती उतरली ते नुसतं किलोमीटर बघून कळत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. २०१० ला आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला लिक्विड कूलिंग (द्रव फिरवून थंड ठेवायची सोय) नव्हतं, तर अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या रखरखीत भागात दोन वर्षांतच रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, घटल्याच्या तक्रारी आल्या. शिवाय गाडी कायम फुल चार्ज करून उन्हात उभी ठेवली का, रोज फास्ट चार्जिंग केलं का, बॅटरीचे सेल एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे) आहेत की एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटचे), या सगळ्याने फरक पडतो. एनएमसीला रोजच्यासाठी ८० टक्के चार्ज पुरे म्हणतात, एलएफपीला १०० टक्के केलं तरी तेवढा त्रास होत नाही.

हायब्रिडचं, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीचं, गणित वेगळं. टोयोटाची प्रियस १९९७ पासून रस्त्यावर आहे आणि तिची बॅटरी कधी पूर्ण भरतही नाही, पूर्ण रिकामीही होत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळते म्हणून टिकते. पण बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरीच्या फॅनची जाळी असते, ती धुळीने चोंदली की बॅटरी तापते, आणि ही साधी गोष्ट गाडी देताना कुणी सांगत नाही!

वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, क्षमता साधारण ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. पण क्षमता किती उरली हे मालकाला स्क्रीनवर दिसतच नसेल तर तो क्लेम कशाच्या जोरावर करणार, आणि सेकंडहँड घेणाऱ्याने तर काय निव्वळ विश्वासावर पैसे मोजायचे का? कॅलिफोर्नियाने २०२२ च्या नियमात २०२६ मॉडेलपासून ही टक्केवारी ड्रायव्हरला दिसली पाहिजे अशी अट घातली, ती सगळीकडेच हवी.

आणि एक विनंती तुम्हालाही. गाड्यांच्या रिव्ह्यूमध्ये सनरूफ, स्क्रीन, बूट सगळं छापता, त्यासोबत बॅटरीचं कूलिंग कुठलं, सेल कुठले आणि वॉरंटी किती टक्क्यांवर लागू होते हेही छापा ना.

आपला नियमित वाचक