कलस्सैकरांस पत्राचे चार शनिवार

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तरुण संघाचे चार शनिवार तुझ्याकडे आलेत आणि विषय दिलाय ‘ख्रिस्त जीवनाचा केंद्रबिंदू’. असा विषय हातात आला की माणूस बायबलभरची वचनं गोळा करतो, चाळीस मिनिटं वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला घरी जाईपर्यंत एकही आठवत नाही. तू नव्या करारातलं एकच पत्र धर, प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेलं. अध्याय 4, वचनं 95, आणि तुझे शनिवारही चारच.

पहिल्या दिवशी प्रस्तावना न करता अख्खं पत्र मोठ्याने वाच. पंधरा मिनिटं पुरतात. पौलाने ते मंडळीत, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवण्यासाठीच पाठवलं होतं (अध्याय 4, वचन 16). मग थोडक्यात पार्श्वभूमी सांग: कलस्सै हे आजच्या तुर्कस्तानातलं गाव, शेजारी लावदिकीया आणि हेरापली. मंडळी पौलाचा सोबती एपफ्रास याच्या शिकवणीतून उभी राहिली, तिथल्या लोकांनी पौलाला पाहिलेलंही नव्हतं, आणि पौल तेव्हा बंधनात होता. पोरांना हे मात्र नीट कळू दे, की कलस्सैच्या लोकांनी ख्रिस्ताला सोडलं नव्हतं. ख्रिस्त होताच, शिवाय सण, शिवाय चंद्रदर्शन, शिवाय शब्बाथ, शिवाय देवदूतांची उपासना, शिवाय ‘हे शिवू नको, ते चाखू नको’. सगळा घोटाळा त्या ‘शिवाय’त आहे. ख्रिस्ताला कुणी घराबाहेर काढत नाही, पण शेजारी एकेक वस्तू मांडत जातात आणि शेवटी त्याला कोपरा उरतो.

मग 1:15 ते 20. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल दे आणि ‘सर्व’ या अर्थाच्या शब्दाखाली रेघ मारायला सांग. मूळ ग्रीकमध्ये तो या सहा वचनांत आठ वेळा येतो. मराठीत भाषांतरानुसार एखाददुसरा कमीजास्त भरेल. रेघा मारून झाल्या की विचार, या ‘सर्व’मध्ये तुमची नोकरी येते का, परीक्षा येते का, पगार येतो का? उत्तराची घाई करू नकोस.

इथेच कुणीतरी अडवेल. ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ म्हणजे ख्रिस्त पहिल्यांदा निर्माण झाला, असंच ना? दारोदार पुस्तकं वाटणारे याच वचनावर बोट ठेवतात. चिडू नकोस, प्रश्न जुना आहे, इ.स. 325 मध्ये निकैया इथे बिशपांची परिषद भरली ती मुख्यतः याच वादापायी. स्तोत्र 89:27 उघडून दे. तिथे देव दाविदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा, मेंढरं राखायला ठेवलेला (1 शमुवेल 16:11). म्हणजे ‘ज्येष्ठ’ हा जन्माचा क्रमांक नव्हे, मान आणि वारसा आहे. लगेच कलस्सै 1:16 वर परत ये: सर्व काही त्याच्या ठायी निर्माण झालं. ज्याच्या ठायी सगळं निर्माण झालं, तो त्याच यादीतली एक वस्तू कसा असेल?

दुसऱ्या शनिवारी 2:14 वर थांब. तिथला मूळ शब्द हाताने लिहून दिलेल्या कर्जरोख्याचा आहे. देणेकऱ्याने स्वतः लिहिलेलं: मी इतकं देणं लागतो. तो कागद देवाने खोडला आणि वधस्तंभावर खिळला, असं पौल म्हणतो. एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात ‘मी देणं लागतो’ लिही, तो सगळ्यांसमोर आडवी काट मारून फळ्याला टाचणीने लाव आणि तास संपेपर्यंत काढू नकोस. शब्दांनी अर्धा तास जे होत नाही ते त्या कागदाने होतं. मग विचार, रोखा फिटलाय तर आपण अजून हप्ते कसले भरतोय? उत्तरं घरातलीच येतील: उशीखाली बायबल ठेवलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, थर्टीफर्स्टच्या रात्री उचललेलं वचनकार्ड (बायबलचं वचन लिहिलेली चिठ्ठी) म्हणजे वर्षाचं भविष्य, अमक्या सेवकाने डोक्यावर हात ठेवला तरच प्रार्थना पोचते. हसू दे त्यांना, पण कुणाच्या आजीची टिंगल होऊ देऊ नकोस. वचनकार्डात वाईट काही नाही. वचन देणाऱ्याला विसरून कार्ड जपलं, की ते ताईत होतं. ‘येशूच्या नावाने, आमेन’ हेही अर्जावर मारायचा शिक्का नव्हे, आपण कुणाच्या भरवशावर देवापुढे उभे आहोत त्याची ती कबुली आहे.

तिसरा अध्याय सोपा वाटतो आणि तिथेच बहुतेक शिकवणारे घसरतात. पाच गोष्टी जिवे मारा (3:5), पाच टाकून द्या (3:8), पाच धारण करा (3:12). फळ्यावर तीन रकाने सुबक दिसतात, म्हणून लोक थेट तिथूनच सुरू करतात. मग पोरं आठवडाभर राग आवरतात, मंगळवारी भावाशी भांडतात आणि पुढच्या शनिवारी येतच नाहीत. 3:1 ते 4 आधी घे. तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेलात, उठवले गेलात, तुमचं जीवन त्याच्यात गुप्त ठेवलेलं आहे. टाकून देणं आणि धारण करणं त्याच्या मागून येतं. पौलाचा दाखला कपड्यांचा आहे. आंघोळीनंतर आपण धुतलेला सदरा घालतो. सदरा बदलला म्हणून कुणाची आंघोळ होत नाही.

तयारी करताना स्वतःची एक चाचणी घे. लिहिलेल्या टिपणातून ‘ख्रिस्त’ शब्द खोडून टाक. तरी टिपण धडधाकट उभं राहिलं, तर ती नीतिकथा झाली, शाळेच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला चालेल. याच्या उलटही फसतात बरं का: दाविदाच्या पाच गोट्यांतून ख्रिस्ताच्या पाच जखमा काढणारेही आहेत. मजकुरात नसेल ते त्यात कोंबू नकोस.

चौथ्या अध्यायातली नावं वगळू नकोस. 4:9 मध्ये अनेसिम येतो, ‘तुमच्यातलाच’. आता फिलेमोनाला पत्र उघड, 25 वचनांचं: तिथे तोच अनेसिम दास आहे, मालकापासून दूर गेलेला, आणि पौल मालकाला, म्हणजे फिलेमोनाला, सांगतो की त्याला प्रिय बंधू म्हणून घे. पहिल्या अध्यायातलं ‘सर्व’ एका घराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपतं ते इथे. तिसऱ्या अध्यायात दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगणारी वचनं आहेत, त्यांवरून कुणी अवघड प्रश्न विचारला, तरी हे पत्र हाताशी ठेव.

गाणी निवडताना एवढंच बघ, की कडव्यात ‘मी’ किती वेळा आहे आणि ‘तू’ किती वेळा. पहिल्या शनिवारी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन घे, पेटीवर. गिटारवाल्यांना दुसरा शनिवार दे. आणि पेन्सिली तासून ने, टोक नसलेली पेन्सिल हातात आली की अर्धी पोरं मोबाइल काढतात.

तुझी,
आई