दुधाच्या दातांची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात मुलीचे दात घासताना तिच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे हिरडीतून डोकावणारे पांढरे टोक मला दिसले. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता मागच्या मागे येणारी ही दाढ कायमची असते आणि पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजून बसतात, हे आपण चार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. त्यामुळेच ती मला ओळखता आली, आणि मनात राहून गेलेले हे पत्र लिहायला बसले.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. खेळताना पडून तिचा ओठ फुटला, म्हणून मी तिला आपल्याकडे आणले होते. आपण तिला माझ्या मांडीवर बसवून तिचे डोके स्वतःच्या मांडीवर अलगद टेकवून घेतले, वरचा ओठ उचलला आणि मला वाकून पाहायला सांगितले. पुढच्या चार दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती आणि एका दातावर तपकिरी ठिपका होता. रोज तिचे तोंड पुसणाऱ्या मला ती रेघ कधी दिसलीच नव्हती.

ती दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते, हे मी खालच्या आवाजात सांगितले. त्यावर आपण मला बोल लावला नाही. झोपेत लाळ कमी होते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहते आणि तोंडातले जंतू त्यातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे पांघरूण असते म्हणून ते बहुधा वाचतात, असे आपण शांतपणे समजावून दिले. "हे दात पडणारच आहेत ना?" या माझ्या प्रश्नालाही आपण वेळ दिला. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायच्या असतात, शिवाय त्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात आणि अवेळी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते.

पांढरी रेघ म्हणजे अजून खड्डा नव्हे, तिथला निघून गेलेला क्षार परत भरून येऊ शकतो, या आपल्या एका वाक्याने मला किती धीर आला हे शब्दांत सांगणे कठीण आहे. आपण फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे दात बळकट करणारा पातळ लेप, लावले आणि ठिपक्याचा दात भरून वाचवला. बाटलीतल्या दुधात रोज थोडे अधिक पाणी मिसळत शेवटी नुसते पाण्यावर आणायचे, ही युक्तीही आपलीच. ते दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या रात्री ती इतकी रडली की मी पुन्हा दूध भरायला उठले होते; त्या खडूच्या रेघेची आठवण झाली म्हणूनच हात आवरला.

तेव्हापासून रात्रीचे ब्रशिंग आमच्या घरी चुकलेले नाही. तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी आणि आता वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन मी स्वतः तिचे दात घासते, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांवर नीट फिरत नाही, हे आपले म्हणणे मी रोज डोळ्यांनी पाहते. घासून झाल्यावर ती फेस थुंकते, चूळ भरत नाही. किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे, हे कळल्यापासून गोड पदार्थ जेवणासोबतच दिला जातो. महिन्यातून एकदा मी तिचा ओठ उचलून पाहते. रेघ आता दिसत नाही.

नवी दाढ पुरती वर आली की तिच्या खाचांवर सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा पातळ थर, लावता येईल का, हे पाहण्यासाठी आम्ही आपल्याकडे येऊ. आपण मोजायला शिकवलेले वीस दात आता एकवीस होणार आहेत, आणि ते आपल्याला मीच मोजून दाखवणार, असे तिने मला बजावून ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
एक आई